मी पुसलेले महाराज

तीस वर्षं मी राजेमहाराजांच्या तोंडावर थुंकले आणि त्याबद्दल सरकारनं मला दरमहा पगार दिला, पुढं पेन्शनही लावून दिली. माझ्या नोकरीचं याहून प्रामाणिक वर्णन मला जमत नाही. पण संपादकबाईंना दिवाळी अंकात एवढ्यावर पान भरता येत नाही म्हणे, म्हणून सविस्तर लिहिते.

थुंकी हे आमचं औषध. बांबूच्या बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा आणि जुन्या चित्रावर बसलेली काजळी त्यानं हलक्या हातानं उचलायची. इतकं सौम्य, इतकं हाताशी आणि इतकं फुकट दुसरं काही मिळत नाही. माझ्या नातीला, सईला, हे सांगितलं तेव्हा ती किंचाळली, "ईऽऽ आजी! और वही काडी फिर मुँह में?" सई दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीतच वाढली. तिचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि पहिल्याच वळणावर हिंदीत उतरतं.

"नाही गं, दर वेळी नवा कापूस. एका महाराजांना शे-दीडशे काड्या लागतात. पागोटं मोठं असेल तर जास्त."

आमचा विभाग दिल्लीतल्या एका सरकारी संग्रहालयाच्या तळघरात होता. तलवारी, नाणी, मूर्ती वरच्या मजल्यांवर. खाली आम्ही आणि जुनी छायाचित्रं. त्यातली माझी खास म्हणजे रंगवलेली छायाचित्रं. हा प्रकार आता कुणाला ठाऊक नसतो, म्हणून सांगते.

आपल्याकडे कॅमेरा आला तेव्हा संस्थानिकांना तो फार आवडला. आधीचं चित्र म्हणजे चित्रकाराची खुशामत, हे सगळ्यांनाच माहीत होतं. फोटोचं तसं नव्हतं. फोटोत दिसतं ते घडलेलं असतं, असं साहेबही मानायचा आणि रयतही. अडचण एवढीच की फोटोत महाराज जसे होते तसेच यायचे. पोट यायचं, देवीचे व्रण यायचे, मागच्या भिंतीची ओल यायची. मग फोटो मोठा करून, जरा फिकाच छापून, दरबारच्या चित्रकाराकडे जायचा. तो त्यावर रंग चढवायचा. ओलीच्या जागी मखमली पडदा, पोटावर मोत्यांच्या सात लडी, व्रणांवर गुलाबी तेज. रंग इतका दाट की खालचा फोटो शोधावा लागे. म्हणजे कॅमेरा साक्षीला आणि रंग वकिलीला. दोघांनी मिळून राजा उभा करायचा.

आणि तो राजा नुसता भिंतीवर लटकत नसे. महाराज शिकारीला किंवा विलायतेला गेले की दसऱ्याला त्यांचं चित्र गादीवर बसे आणि मानकरी त्याला मुजरे करीत. लग्नाकार्यात चित्र अंबारीतून फिरे. एका संस्थानात तर बापाचं चित्र मुलानं तसंच पुढं चालवलेलं मी पाहिलंय. अंगरखा तोच, कंठे तेच, खुर्चीवरचा हात तोच, फक्त मुंडकं नवं. गादी पुढं चालवणं म्हणजे काय हे मला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकानं इतकं नीट समजावलं नाही.

चित्रकार पायांकडे मात्र सहसा दुर्लक्ष करीत. वरती हिऱ्यांचा लखलखाट आणि मोजड्यांखाली छोटं लाकडी स्टूल, असे किती बुटके राजे मला सापडले! आम्ही त्यांना आपसात 'स्टूलवाले' म्हणायचो.

आता माझ्याबद्दल. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि नुकतीच सहा महिने परदेशात जतनकला शिकून आले होते. त्या सहा महिन्यांनी माझ्या मानेत जो ताठा भरला तो उतरायला पुढं सहा वर्षं लागली. सुती साडी, कानात काळे मणी, चष्मा नाकाच्या टोकावर. चष्म्याची गरज नव्हती, पण विद्वान दिसायचं होतं. येता-जाता 'मूळ', 'सत्य', 'अस्सल' असे शब्द फेकायचे. आमचे साहेब माथुर. मूळचे रसायनवाले, चांदनी चौकाजवळचे, पानाचे शौकीन. त्यांना मी दोनदा ऐकवलं होतं की आपली पद्धत जुनाट आहे. ते म्हणाले होते, "साठे, जुनाट तो तसवीर भी है। सँभाल के।"

तर एका प्रदर्शनासाठी माळव्याकडच्या एका लहानशा मराठी संस्थानाचं चित्र आमच्याकडे आलं. संस्थानाचं नाव सांगणार नाही. ओळखू येईल असे दोनचार तपशीलही बदललेत. आमच्या पेशाला ते शोभून दिसतं. चित्र चांगलं दोन हात उंच. दाढीवाले महाराज खुर्चीवर ताठ बसलेले आणि त्यांच्या मांडीवर पाचेक वर्षांचा मुलगा, जरीच्या टोपीतला.

"महाराजांचा मुलगा?" सईनं मध्येच विचारलं. हे मी तिला आधी तोंडी सांगितलं होतं.

"दत्तक."

"दत्तक मतलब?"

"अॅडॉप्टेड. पूर्वी भर सभेत मुलाला मांडीवर घ्यायचे. मांडीवर बसला की मुलगा झाला. आणि राजाच्या मांडीवर बसला की पुढचा राजा झाला."

"और मांडी का फोटो मतलब प्रूफ."

"बिल्कुल." कधीकधी ही पोरगी फार लवकर शहाणी होते.

ते चित्र ज्यांनी दिलं त्या बाईसाहेब म्हणजे त्या टोपीवाल्या मुलाची विधवा. तेव्हा सत्तरीच्या. राज्य गेलं होतं, तनखे गेले होते, आणि त्या दिल्लीतच, हिंदूराव भागातल्या उतारावर एका जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर राहात होत्या. चित्र देताना त्यांनी एकच अट घातली होती, 'आहे तसं परत यावं.' मी हसले होते. मी तर ते आहे त्याहून चांगलं करून देणार होते.

चित्रावर धूर-उदबत्तीची जाड काजळी होती. नियम असा, की पुसण्याआधी प्रत्येक रंग वेगवेगळा तपासायचा. लाल वेगळा, निळा वेगळा, कारण चित्रकार एकाच चित्रात कधी तेलाचे तर कधी पाण्यातले डिंकाचे रंग वापरी. तेलाचा रंग थुंकीला दाद देत नाही. डिंकाचा विरघळतो. मी पडद्याचा एक कोपरा तपासला. तो तेलाचा निघाला. 'झालं,' मी म्हटलं आणि महाराजांकडे वळले. माथुरसाहेब लखनौला दौऱ्यावर होते.

महाराज डिंकाचे होते.

पहिला हात त्यांच्या मनगटावर फिरला आणि कापूस गव्हाळ झाला. मी काडी उचलली. मनगटाच्या जागी पाटली होती. पुरुषी तोडा वगैरे नव्हे, चक्क बायकी पाटली, फोटोतली, करड्या रंगाची.

तिथं थांबायचं असतं. पुढं माझ्या हाताखाली आलेल्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. पण मी थांबले नाही. पहिला हात ही चूक होती. पुढचे चार दिवस हा निव्वळ हावरटपणा होता. बाहीखाली चोळी निघाली, अंगरख्याखाली पांढरं लुगडं. पागोट्याखाली डोक्यावरून घेतलेला पदर. दाढी गेली आणि खाली एक पंचविशीची बाई निघाली, कपाळ कोरं, ओठ घट्ट मिटलेले. मुलगा तिच्या मांडीवर होता. डोळ्यांवर रंगच नव्हता. तो आधीच झिजला असणार, अशी मी वहीत नोंद केली आणि पुढं गेले.

सगळी कथा मला लख्ख दिसली. महाराज दत्तक न घेताच वारले असणार. राणीनं मुलाला मांडीवर घेतलं, तोच फोटो निघाला, आणि मग इंग्रज साहेबानं वारस मान्य करावा म्हणून तिच्यावर महाराज रंगवले. दरबारी पुरुषांनी एका बाईला तिच्याच फोटोतून पुसून टाकलं! आणि तिला बाहेर काढणारी मी! शनिवार-रविवार बसून मी इंग्रजीत चौदा पानांचा निबंध टाइप केला. मथळा 'पुसलेली राणी'. तो परदेशात छापून येणार, मग मला भाषणाला बोलावणार, तिथं कोणती साडी नेसायची, इथवर माझी तयारी झाली होती. ती चौदा पानं अजून आहेत. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर सईनं लहानपणी हत्ती काढलेत.

सोमवारी माथुरसाहेब आले. टेबलापाशी उभे राहिले. बराच वेळ पान चघळणं बंद होतं.

"साठे, राजा कहाँ गया?"

"सर, राजा था ही नहीं।"

"मेरे लखनऊ जाने तक तो था।"

मी 'मूळ', 'सत्य' वगैरे सुरू केलं. त्यांनी हात वर केला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "रंग भी असली था, बेटा," ते म्हणाले. "उतनी ही उमर का। जिसकी चीज़ है, उसे जाकर ख़ुद बताओ।"

बसनं मी हिंदूरावला गेले. वाटेत तयार केलेलं माझं भाषण असं होतं, की बाईसाहेब, आपल्या घराण्यातल्या एका थोर स्त्रीला मी न्याय मिळवून दिला आहे. दार उघडल्यावर तोंडातून एवढंच निघालं, "चित्रातले महाराज पुसले गेले. माझ्याकडून."

बाईसाहेब उंच होत्या, पांढरं पातळ, हातात जपाची माळ. त्यांनी माळ गोमुखीत ठेवली. "सगळे?"

"सगळे."

"टॅक्सी बोलवा."

तळघराच्या पायऱ्या त्या माझा हात न धरता उतरल्या. माथुरसाहेबांनी खुर्ची पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही. चित्रासमोर गेल्या आणि आधी पदर डोक्यावरून घेतला. जिवंत माणसासमोर घ्यावा तसा. मग खाली वाकून नमस्कार केला.

"सासूबाई आहेत ह्या," त्या म्हणाल्या.

मला हुरूप आला. "म्हणजे रंगाखाली ह्या आहेत हे आपल्यालाही ठाऊक नव्हतं! बाईसाहेब, ह्यांना पुसून टाकलं होतं, आणि..."

"कुणी पुसलं?"

"दरबारातल्या पुरुषांनी."

बाईसाहेब माझ्याकडे वळल्या. त्या नजरेत राग नव्हता. वर्गात गणित चुकलेल्या पोरीकडे बघतात तसं बघितलं. "साठेबाई, पुरुष कुठले? सासूबाईंनी स्वतः रंगवून घेतलं ते. चित्रकाराला बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून सांगत होत्या, दाढी एवढी, पागोटं असं. फोटो काढायला मुद्दाम बाई आणवली होती, चेहरा झाकणारा पहिला रंगही तिनंच दिला. आमच्या घरातल्या प्रत्येक सुनेला हे ठाऊक असतं."

माझ्या चौदा पानांचा मथळाच गेला होता.

"मी लग्न होऊन आले तेव्हा चौदा वर्षांची," त्या सांगू लागल्या. "तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला ह्या चित्रासमोर उभं केलं. म्हणाल्या, कोण दिसतं? मी म्हटलं, मामंजी. म्हणाल्या, नीट बघ. मी दाढी बघितली, कंठे बघितले. म्हटलं, मामंजीच. तेव्हा त्यांनी आपला पदर नाकापर्यंत ओढला, नुसते डोळे उघडे ठेवले आणि चित्राशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आता बघ."

माथुरसाहेबांना मराठी येत नव्हतं, पण ते टेबलाकडे वाकले. मीही वाकले. माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: डोळ्यांवर रंग नाही, झिजला असावा. तो झिजलेला नव्हता. तिथं कधी रंग लावलाच नव्हता. दाढी, मिशा, पागोटं, अंगरखा, सगळं महाराजांचं. त्यातून बघणारे डोळे फोटोतले, राणीचे.

"हे चित्र कचेरीत होतं," बाईसाहेब म्हणाल्या. "कारभारी ह्याच्यासमोर उभे राहून कागद वाचायचे. साहेब आला की टोपी काढायचा. सोळा वर्षं हुकूम चित्रातल्या महाराजांसमोर सुटले, आणि महाराज तर कधीच वर गेलेले. बाजूच्या चिकाआडून सासूबाई बोलायच्या. लोकांना वाटायचं, महाराजांच्या डोळ्यात जरब आहे." इथं त्या किंचित हसल्या. "जरब होतीच."

"मग हे जगाला कळायला नको का?" माझी खुमखुमी अजून पुरती गेली नव्हती. "इतक्या कर्तबगार बाईचा चेहरा कुणी पाहिलेलाच नाही."

"त्यांनी आयुष्यात परक्या माणसाला तोंड दाखवलं नाही. मरताना डॉक्टरला नाडीसुद्धा पडद्यातून हात काढून दिली. राज्य गेलं, त्याचं मला काही नाही. दत्तक खरं की खोटं, त्याचंही आता कुणाला काही नाही. पण पंधरवड्यानं प्रदर्शन उघडलं की कुणीही यावं, तिकीट काढावं आणि त्यांच्याकडे बघत उभं राहावं, हे मी कसं चालू देऊ? तुम्ही म्हणता पुसली होती. त्या लपल्या होत्या. तुम्ही भर बाजारात त्यांचा पदर ओढलात."

मग माथुरसाहेबांकडे वळून त्या स्वच्छ हिंदीत म्हणाल्या, "राजासाहब को वापस बिठाइए।"

आमच्या पेशात हे पाप. झिजलेलं जपायचं, गेलेलं भरायचं नाही, त्यातून चेहरा तर नाहीच. माथुरसाहेबांनी हे समजावलं. बाईसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग प्रदर्शनही नाही, चित्र असंच गुंडाळून द्या, मी त्याला अग्नी देते. आवाज जराही चढला नाही. देतील, हे आम्हा दोघांनाही कळलं.

माथुरसाहेब बाहेर जाऊन पान थुंकून आले. मला म्हणाले, "तुमने उतारा है, तुम्हीं चढ़ाओगी। नीचे एक परत डालो, ऐसी कि कल कोई चाहे तो सब साफ़ निकल आए।" काम सुरू करण्याआधी काढलेला फोटो आमच्या फायलीत होता, त्यावरून महाराजांचा नकाशा मिळाला. नियमाप्रमाणे उघड्या राणीचाही एक फोटो काढला. त्याची निगेटिव्ह बाईसाहेबांनी मागितली आणि मी दिली. फायलीतलं ते पाकीट रिकामं राहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत मुद्दाम केलेला तेवढाच एक गुन्हा. बाईसाहेबांनी तिचं काय केलं ते मी विचारलं नाही. आता त्याही नाहीत. म्हणजे मी इथं लिहिलंय त्याला पुरावा कुठलाच नाही, आणि चित्र मात्र आजही ठासून सांगतंय की महाराजांनी स्वतः मुलाला मांडीवर घेतलं. विचाराल तर लोक चित्रावरच विश्वास ठेवतील. त्यांच्या जागी असते तर मीही ठेवला असता.

चित्रकलेत मी शाळेत कशीबशी पास. पहिले तीन दिवस तर मी नुसत्या मोजड्याच रंगवत बसले, वर जायचा धीर होईना. बाईसाहेब रोज दहाच्या ठोक्याला टॅक्सीनं यायच्या, खुर्ची भिंतीशी घ्यायच्या आणि जप करीत बसायच्या. लुगड्यावर अंगरखा चढला. पाटलीवर मनगट आलं. पदरावर पागोटं बांधलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एक पेच कमी आहे." मी घातला.

चेहऱ्याच्या दिवशी मी कुंचला गालापाशी नेला.

"थांबा."

त्या उठून जवळ आल्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. माळेचे मणी सरकत नव्हते. सासूसुनेत काय बोलणं झालं ते मला ऐकू येण्यासारखं नव्हतं. मग त्या पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या. "चालू द्या," म्हणाल्या. "डोळ्यांना हात लावू नका."

प्रदर्शनाचं उद्घाटन थाटात झालं. पाहुणे होते एक मोठे कलासमीक्षक, नाव नको. आमच्या चित्रापुढं थबकले, दोन बोटं हवेत फिरवली आणि म्हणाले, "हा जुन्या दरबारी चित्रकाराचा हात बघा. असा आत्मविश्वास आता कुठे! आणि ही करारी मर्दानी नजर!" सगळ्यांनी मान डोलावली. माथुरसाहेबांनीही डोलावली. मी खांबाआड होते, नाकाच्या टोकावरचा चष्मा काढून पर्समध्ये टाकला होता.

गर्दी पुढं सरकल्यावर बाईसाहेब चित्रापाशी आल्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, वाकून नमस्कार केला. मी हळूच जाऊन शेजारी उभी राहिले.

"बाईसाहेब, जमलंय का?"

त्यांनी चित्र खालून वर न्याहाळलं.

"दाढी जरा जास्त झालीय," त्या म्हणाल्या. "पण सासूबाईंची हरकत दिसत नाही."